त्रुटिसुधारक संकेतन

त्रुटिसुधारक संकेतन : संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात असताना त्यात शिरणाऱ्या चुका संदेश घेणाऱ्याच्या बाजूस आपोआप ओळखता याव्यात व शक्य तेथे दुरुस्तही करता याव्यात, यासाठी मूळ संदेशाला ठराविक नियमाने जादा चिन्हे जोडण्याची पद्धती. चूक झाली आहे एवढेच कळविणाऱ्या संकेतास त्रुटिशोधक, तर ती कोठे झाली हे दाखवून मूळ चिन्ह परत मिळवून देणाऱ्या संकेतास त्रुटिसुधारक म्हणतात. गुप्तलेखनाशी या विषयाची गल्लत करू नये. गुप्तलेखनात संदेश परक्यापासून लपवावयाचा असतो; येथे तो गोंगाटापासून, म्हणजे वाटेतील विजेच्या, हवेच्या किंवा यंत्राच्या उपद्रवापासून, वाचवावयाचा असतो.

संगणक, दूरध्वनी व उपग्रह यांच्या व्यवहारात हे शास्त्र सर्वत्र वापरले जात असले, तरी त्याची निकड समुद्रावर विशेष स्पष्ट दिसते. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा विजयदुर्गपासून रेडीपर्यंतचा किनारा सु. १२१ किमी. लांबीचा असून देवगड, आचरा, सर्जेकोट, मालवण, निवती, वेंगुर्ले इ. बंदरांतून मासेमारीच्या नौका बाहेर पडतात. रापण ओढणाऱ्यांना किनारा सतत दिसत असतो. खोल पाण्यात गेलेल्या यांत्रिक नौकेला तो दिसत नाही व भ्रमणध्वनीची कक्षाही काही किलोमीटरांतच संपते. अशा नौकेने संकटात आपले स्थान १६ अंश ०३ कला उत्तर, म्हणजे साधारणपणे मालवणच्या अक्षांशावर, असे कळविले आणि कलांच्या दशकस्थानी असलेल्या ० चा वाटेत ४ झाला, तर शोधनौका सु. ७४ किमी. उत्तरेस जाईल. द्विमान पद्धतीत (केवळ ० व १ या अंकांत) ० आणि ४ यांत एकाच अंकाचा फरक आहे. या एका अंकाची राखण कशी करावयाची, हा प्रस्तुत विषयाचा गाभा होय.

पूर्वपीठिका : जादा चिन्हे जोडून संदेश सुरक्षित ठेवण्याची कल्पना यंत्रयुगाच्या कितीतरी आधीची आहे. वेदपठणातील क्रम, जटा, घन इ. पाठ हे तिचे फार जुने व अत्यंत काटेकोर उदाहरण. घनपाठात लागोपाठची तीन पदे १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशा क्रमाने म्हटली जातात आणि पाठ एकेका पदाने पुढे सरकत असल्याने ओळीच्या मधले प्रत्येक पद एकूण १३ वेळा उच्चारले जाते. एके ठिकाणी चूक झाल्यास इतर बारा ठिकाणे तिच्याविरुद्ध साक्ष देतात. पदांची अदलाबदल झाली, तर उलट क्रमाने म्हणताना ती उघडी पडते. ही खात्री मोठी असली, तरी तिची किंमतही तशीच जबर आहे. एका पदासाठी तेरा पदांचे श्रम करावे लागतात. तेवढीच खात्री कमी खर्चात मिळेल काय, हा प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला जाण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

व्यापाऱ्यांनी त्याचे एक व्यवहारी उत्तर आधीच काढले होते. हुंडीत रक्कम आकड्यात व अक्षरी तर लिहीतच, शिवाय तिचे निमे लिहून त्याची दुप्पट पुरी रक्कम असल्याचे नमूद करीत. शंभराच्या हुंडीत ‘निमे पन्नास’ असल्यावर आकड्यापुढे एक शून्य वाढविणारा लबाड आणि घाईत आकडा चुकविणारा कारकून अशा दोघांनाही एकाच युक्तीने आळा बसे. आकडा व निमे एवढ्या दोनच नोंदी पाहिल्या आणि त्या जुळल्या नाहीत, तर चूक आहे एवढेच कळते; खरे कोणते, ते कळत नाही. अक्षरी रक्कम तिसरी साक्ष देते तेव्हा मात्र बहुमताने निवाडा करता येतो. त्रुटिशोधनाकडून त्रुटिसुधारणेकडे जाणारी पायरी ती हीच.

किनाऱ्यावरील संकेतांतही हे तत्त्व आढळते. शेजारशेजारच्या दीपगृहांना उघडझापीचे वेगवेगळे क्रम देतात, ते एकाचा प्रकाश दुसऱ्याचा समजला जाऊ नये म्हणून. दोन संकेतांत पुरेसे ‘अंतर’ ठेवावे, म्हणजे थोडा बिघाड झाला तरी गल्लत होत नाही, असे पुढे गणितज्ञांनी म्हटले, ते दीपगृहे उभारणाऱ्यांना वेगळ्या शब्दांत ठाऊक होते. बंदरांवरील वादळाच्या इशाऱ्यांची भारतीय पद्धती याहून बोधप्रद आहे. तीत १ ते ११ क्रमांकांचे संकेत असून ते दिवसा शंकू व दंडगोल यांच्या मांडणीने, तर रात्री तांबड्या व पांढऱ्या दिव्यांनी दाखविले जात. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ ही भाषा कोकणात घरोघरी परिचित आहे. अकराव्या संकेताकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. तो वादळाचा नसून, हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे, एवढेच सांगणारा आहे. इशारा दिलेला नाही आणि इशारा पोहोचू शकत नाही या दोन गोष्टींतील भेद ज्याने हा संकेत योजला, त्याला संदेशवहनाचे मर्म कळले होते असे म्हणावे लागेल. आधुनिक संकेतशास्त्रातही चुकीचे चिन्ह आणि लुप्त चिन्ह यांत असाच भेद करतात. एखाद्या जागचे चिन्ह हरवले आहे हे ठाऊक असले, तर ते भरून काढणे सोपे जाते. चुकीचे चिन्ह खऱ्याचे सोंग घेऊन येत असल्याने आधी ते हुडकावे लागते. ज्या संकेताला दोन चुका सुधारता येतात, त्याला चार लुप्त चिन्हे भरून काढता येतात.

तारायंत्राच्या काळात संदेशातील आकडे शेवटी पुन्हा पाठवून पडताळून घेण्याची प्रथा होती. शब्दागणिक आकार पडत असल्याने व्यापारी संकेतकोश निघाले. त्यांत एका कृत्रिम शब्दाचा अर्थ संपूर्ण वाक्य असा असे. साहजिकच एक अक्षर बिघडले तर वाक्यच बदले. यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी कोणत्याही दोन संकेतशब्दांत निदान दोन अक्षरांचा फरक ठेवण्याची दक्षता घेण्यात येऊ लागली. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

शॅनन व हॅमिंग : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील क्लॉड एल्वुड शॅनन (१९१६–२००१) यांनी १९४८ मध्ये अवगम सिद्धांताचा (माहितीचे मापन व प्रेषण यांच्या गणिती उपपत्तीचा) पाया घातला. प्रत्येक संदेशमार्गाला, त्यात कितीही गोंगाट असला तरी, एक निश्चित क्षमता असते व तिच्याहून कमी वेगाने संदेश पाठविल्यास चुकीची संभाव्यता हवी तितकी कमी करता येते, असे त्यांनी सिद्ध केले. तोपर्यंत अधिक खात्री हवी असेल, तर आवाज तरी वाढवावा किंवा तेच तेच अनेकदा सांगावे, अशी समजूत होती. तसे चांगले संकेत असलेच पाहिजेत हे शॅनन यांनी दाखविले. ते रचावयाचे कसे, हे मात्र सांगितले नाही. पुढील कित्येक दशकांचा इतिहास या एका उणिवेच्या पूर्तीचा आहे.

त्याच प्रयोगशाळेतील रिचर्ड वेस्ली हॅमिंग (१९१५–९८) यांची अडचण अधिक घरगुती होती. आठवड्याच्या शेवटी गणकयंत्रावर लावून ठेवलेले त्यांचे गणित, यंत्राला चूक आढळली की अर्धवट टाकून दिले जाई. यंत्राला चूक झाल्याचे कळते, तर ती कोठे झाली हे का कळू नये, या प्रश्नातून त्यांचा संकेत जन्मला. तो १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार अंकी संदेशास तीन तपासणी अंक जोडतात. सात जागांपैकी १, २ व ४ या जागा तपासणीच्या आणि ३, ५, ६, ७ या संदेशाच्या. पहिला तपासणी अंक असा निवडतात की १, ३, ५, ७ या जागांवरील एकांची संख्या सम यावी. दुसरा २, ३, ६, ७ यांसाठी व तिसरा ४, ५, ६, ७ यांसाठी. या नियमाने १०११ हा संदेश ०११००११ असा होतो. वाटेत पाचवी जागा बिघडून ०११०१११ आले असे समजू. आता पहिली तपासणी विषम, दुसरी सम व तिसरी विषम येते. बिघडलेल्या तपासण्यांचे क्रमांक १ व ४. त्यांची बेरीज ५. चूक पाचव्या जागी आहे हे तपासणीच सांगते. तेच चार अंक तीन-तीनदा पाठविले असते, तर एका चुकीच्या दुरुस्तीसाठी बारा अंक लागले असते. येथे सातांत काम भागले.

शेतातील प्रयोग व संकेत : हीच रचना संदेशवहनाचा कसलाही विचार नसताना शेतकीच्या प्रयोगांतून आधीच हाती आली होती आणि या दुसऱ्या वाटेवर भारतीय गणितज्ञांचे काम पायाभूत ठरले. भाताच्या पिकावर बियाणे, खत, लावणीची वेळ यांसारख्या सात बाबींचा परिणाम पाहावयाचा आहे व प्रत्येक बाबीचे दोन पर्याय आहेत असे समजू. एकूण १२८ जोडण्या होतात. एवढे वाफे एकाच प्रतीच्या जमिनीत मिळत नाहीत. म्हणून आठ-आठ वाफ्यांचे सोळा गट करावे लागतात. मग जमिनीजमिनीतील फरक व बाबींचे परिणाम यांची सरमिसळ होते. ती अटळ असली, तरी निदान एकेका बाबीचा व दोन-दोन बाबींचा संयुक्त परिणाम तीतून सुटावा, अशी मांडणी हवी असते. ब्रिटिश सांख्यिकीविज्ञ रोनाल्ड एल्मर फिशर (१८९०–१९६२) यांनी १९४२ मध्ये आठ वाफ्यांच्या गटांत जास्तीत जास्त सात बाबींसाठी हे साधते असे दाखविले. जे परिणाम सरमिसळीत सोडून द्यावयाचे त्यांची यादी ० व १ या अंकांत मांडली, तर हॅमिंग यांचे सोळा संकेतशब्दच समोर येतात. शेतात जी जमिनीची विषमता, तोच तारेवरचा गोंगाट होय.

कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत (स्थापना १९३१) प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी जमविलेल्या तरुणांत राजचंद्र बोस (१९०१–८७) हे होते. भूमितीत वाढलेल्या बोस यांनी प्रयोगांच्या मांडणीचे प्रश्न सांत क्षेत्रांच्या बीजगणितात, म्हणजे मोजक्याच संख्यांच्या अंकगणितात, आणून सोडविले. या बीजगणिताची गोडी त्यांना जर्मनीतून परागंदा होऊन कलकत्ता विद्यापीठात आलेल्या फ्रीड्रिख लेव्ही यांच्या सहवासात लागली. लेव्ही पुढे काही वर्षे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही होते. बोस यांचा सममित घटक-प्रयोगांवरील विस्तृत निबंध १९४७ मध्ये संख्या या भारतीय नियतकालिकात आला. त्याच वर्षी कल्यमपुडी राधाकृष्ण राव (१९२०–२०२३) यांनी लंबकोनी मांडण्यांची कल्पना मांडून त्यांच्या आकाराची मर्यादा काढली. ही मर्यादा व हॅमिंग यांनी संकेतांसाठी काढलेली मर्यादा एकाच अंकगणिताच्या दोन बाजू आहेत. एक कलकत्त्यात आणि दुसरी न्यू जर्सीत, परस्परांची वार्ता नसताना निघाली.

श्रीखंडे यांचे कार्य : या परंपरेतील मराठी नाव शरदचंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) यांचे. मध्य प्रदेशातील सागर येथे जन्मलेल्या श्रीखंडे यांचे शिक्षण नागपूरला झाले. बोस १९४९ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले; त्यांच्या मार्गदर्शनाखाली श्रीखंडे यांनी १९५० मध्ये तेथे डॉक्टरेट मिळविली. नागपूर व बनारस येथील अध्यापनानंतर ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि तेथील गणिताच्या प्रगत अध्ययन केंद्राची उभारणी त्यांनी केली. १९७८ मध्ये ते निवृत्त झाले.

त्यांची जगभर प्रसिद्धी झाली ती ऑयलर यांचे अनुमान खोटे ठरविल्यामुळे. दोन परस्परलंब लॅटिन चौरस ६, १०, १४ अशा क्रमांसाठी असणार नाहीत, असे लेओनार्ट ऑयलर यांनी १७८२ मध्ये म्हटले होते. सहासाठी ते खरे आहे. त्यापुढे मात्र ते सर्वत्र खोटे असल्याचे बोस, श्रीखंडे व अर्नेस्ट टिल्डन पार्कर यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. न्यूयॉर्क टाइम्सने २६ एप्रिल १९५९ च्या अंकात पहिल्या पानावर ही बातमी दिली. गणिताला असा मान क्वचितच मिळतो. परंतु त्याच वर्षी बोस व श्रीखंडे यांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला, त्याची दखल मात्र तज्ज्ञांपलीकडे फारशी गेली नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे.

हादामार आव्यूह म्हणजे +१ व −१ यांची अशी चौरस मांडणी की तिच्या कोणत्याही दोन ओळी निम्म्या जागी जुळतात व निम्म्या जागी भिन्न असतात. ओळी व त्यांच्या उलट ओळी संकेतशब्द म्हणून घेतल्या, तर प्रत्येक दोन शब्दांत निदान निम्म्या जागी फरक राहतो. अमेरिकन गणितज्ञ मॉरिस प्लॉटकिन यांनी, ठराविक लांबीच्या व ठराविक अंतराच्या संकेतात जास्तीत जास्त किती शब्द असू शकतील, याची मर्यादा काढली होती. ती गाठणारे संकेत आणि हादामार आव्यूह हे एकमेकांपासून मिळतात, असे बोस व श्रीखंडे यांनी दाखविले. प्रयोगांच्या मांडणीसाठी जमविलेले भांडार त्यामुळे संदेशवहनास एकदम खुले झाले.

याचे ठळक उदाहरण १९७१ मध्ये मंगळाच्या कक्षेत गेलेल्या मरिनर ९ या अमेरिकन अवकाशयानाचे. यानाने चित्रांचे अंक सहा-सहांच्या गटांनी घेऊन प्रत्येक गट ३२ अंकांच्या शब्दाने पाठविला. ३२ ओळी व त्यांच्या ३२ उलट ओळी मिळून ६४ शब्द होतात व सहा द्विमान अंकांचे गटही ६४ च असतात. कोणत्याही दोन शब्दांत निदान १६ जागी फरक असल्याने ३२ पैकी सातपर्यंत अंक बिघडले, तरी मूळ शब्द ओळखता येतो. हा संकेत रीड व म्युलर यांनी १९५४ मध्ये वर्णिलेल्या कुलातील आहे. तो श्रीखंडे यांच्या निबंधातून थेट उचलला असे नव्हे. त्याच्या लांबीच्या व अंतराच्या संकेतांत याहून अधिक शब्दांचा संकेत शक्यच नाही, ही खात्री मात्र त्या निबंधाच्या विषयात येते.

बोस-चौधुरी-ओकँगम संकेत : हॅमिंग यांचा संकेत एकच चूक सुधारतो, दोन झाल्या तर तो तिसरीच जागा दाखवून चांगला अंकही बिघडवितो. हव्या तितक्या चुकांसाठी संकेत कसा रचावा याचे पहिले सर्वसाधारण उत्तर फ्रान्समध्ये अलेक्सी ओकँगम यांनी १९५९ मध्ये, तर बोस व त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी स्वतंत्रपणे १९६० मध्ये दिले. पंधरा जागांच्या शब्दात ११ अंक संदेशाचे ठेवले तर एक, ७ ठेवले तर दोन आणि ५ ठेवले तर तीन चुका सुधारता येतात. किती सावधगिरी घ्यावयाची हे आता संदेश पाठविणाऱ्याला ठरविता येऊ लागले. त्याच वर्षी आलेल्या रीड-सॉलोमन संकेतात एकेका अंकाऐवजी अंकांच्या गटांची दुरुस्ती होते. ध्वनितबकड्यांपासून चौकोनी ठिपक्यांच्या क्यूआर चित्रापर्यंत तो पसरला आहे. मासळी बाजारात पैसे घेण्यासाठी लावलेले असे चित्र खाऱ्या पाण्याने थोडे पुसट झाले, तरी भ्रमणध्वनी ते वाचतो, तो या संकेतामुळे.

संकेत रचणे एक व बिघडलेला शब्द झटपट उलगडणे दुसरे. हे दुसरे काम डब्ल्यू. वेस्ली पीटरसन (१९६०), एल्विन बर्लेकँप (१९६८) व जेम्स मॅसी (१९६९) यांनी सुकर केले. अँड्र्यू व्हिटर्बी यांची १९६७ ची रीत वेगळ्या जातीच्या, म्हणजे अंकांचा ओघ तुकडे न पाडता सलग गुंफणाऱ्या, कन्व्होल्यूशनल संकेतांना लागू पडली. केवळ शोधनासाठी वापरल्या जाणाऱ्या चक्रीय तपासणीचे गणित संगणकाने एकेक अंक न घेता कोष्टकाच्या साहाय्याने आठ-आठ अंक घेऊन करावे, ही सर्वत्र रूढ झालेली रीत इलिनॉय विद्यापीठातील दिलीप सरवटे यांनी १९८८ मध्ये वर्णिली. पुढील काळात टर्बो संकेत (१९९३) व एरदाल आरिकान यांचे ध्रुवी संकेत (२००९) यांनी शॅनन यांची मर्यादा जवळजवळ गाठली. रॉबर्ट गॅलेजर यांचे १९६०–७० या दशकाच्या आरंभीचे, मध्यंतरी विस्मरणात गेलेले संकेतही पुन्हा वापरात आले.

किनाऱ्यावरील उपयोग : नॉर्थ कॅरोलायनात सुटलेल्या बीजगणिताच्या प्रश्नाचा समुद्रावरील माणसाशी सर्वांत सरळ संबंध येतो तो कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध व सुटका योजनेत. अमेरिका, सोव्हिएट रशिया, कॅनडा व फ्रान्स यांनी १९७९ मध्ये आखलेल्या या योजनेचा पहिला उपग्रह १९८२ मध्ये गेला. भारत तिचा सभासद असून बंगळूर येथील भारतीय अवकाश संशोधन संघटनेचे केंद्र आलेल्या सूचना तटरक्षक दल इ. यंत्रणांकडे पाठविते. मोठ्या जहाजांवरील ४०६ मेगाहर्ट्‌झच्या पहिल्या पिढीच्या आपत्सूचकाचा दीर्घ संदेश अवघा १४४ अंकांचा असतो. त्यातील ओळख व स्थान सांगणाऱ्या ६१ अंकांना २१ तपासणी अंक जोडलेले असून त्यांमुळे तीन चुका सुधारता येतात. स्थानाचा अधिक तपशील देणाऱ्या पुढील २६ अंकांना १२ तपासणी अंक असून तेथे दोन चुका सुधारतात. हे दोन्ही बोस-चौधुरी-ओकँगम संकेतच आहेत. वर उल्लेखिलेला मालवणच्या अक्षांशातील एक अंक बिघडला, तर तो अशा संदेशात उपग्रहाखालील भूकेंद्रातच दुरुस्त होतो.

लहान मच्छीमार नौकांना ही साधने परवडत नव्हती. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळाने कोकणचा समुद्र खवळविला व अनेक मच्छीमार बेपत्ता झाले. डिसेंबर २०१७ च्या प्रारंभी ओखी वादळात दक्षिणेकडील कित्येक नौका भरकटत येऊन देवगडच्या आश्रयाला लागल्या; वादळ निर्माण होण्यापूर्वीच खोल समुद्रात गेलेल्या या लोकांपर्यंत इशारा पोहोचविण्याचे साधनच नव्हते आणि ते सुखरूप आहेत हे त्यांच्या घरी कळण्यासही विलंब लागला. मच्छीमारांसाठी अवकाश संशोधन संघटनेने केलेले आपत्सूचक २०१० पासून वापरात आले होते, पण त्यातून संदेश एकाच दिशेने जाई. हाक ऐकली गेली की नाही हे बुडणाऱ्याला कळत नसे. दुसऱ्या पिढीच्या उपकरणात ‘नाविक’ या भारतीय दिशादर्शक उपग्रहमालेमार्फत पोच परत मिळण्याची सोय करण्यात आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने ‘जेमिनी’ हे गगन उपग्रहसेवेवर चालणारे ग्राही उपकरण सादर केले. तेही एकतर्फीच, येथे मात्र किनाऱ्याकडून नौकेकडे. नौकांवर दुतर्फी संदेशाचे प्रेषक-ग्राही बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला.

नाविकच्या संदेशाची रचना पाहिल्यास या इतिहासाचे बहुतेक टप्पे एका ठिकाणी सापडतात. संदेशाचा एक तुकडा २९२ अंकांचा असतो व त्यातील २४ अंक चक्रीय तपासणीचे असतात. कन्व्होल्यूशनल संकेताने त्याचे ५८४ अंक होतात. हा संकेत १९७७ मध्ये निघालेल्या व्हॉयेजर यानांवरीलच होय. नंतर ते आठ ओळी व ७३ स्तंभांच्या चौकटीत उभ्या क्रमाने भरून आडव्या क्रमाने पाठवितात. लाटेआड किंवा डोलकाठीआड जाऊन उपग्रहाचा संकेत क्षणभर तुटला, तर लागोपाठचे अनेक अंक जातात. पण चौकटीत परत मांडल्यावर ते दूरदूर विखुरतात व एकेकटी चूक म्हणून सुधारली जातात. तुकड्याच्या आरंभीच्या १६ चिन्हांसह एकूण ६०० चिन्हे, सेकंदास ५० या गतीने, १२ सेकंदांत पोहोचतात. ही गती तारायंत्राला शोभणारी आहे. उपग्रह सु. ३६,००० किमी. उंचीवर व ग्राही हातात मावणारे असल्याने खात्रीसाठी गतीचा त्याग केलेला आहे.

याच्या उलट, मोठ्या नौकांवर असणाऱ्या एआयएस या स्वयंचलित ओळख प्रणालीत १६ अंकांची चक्रीय तपासणी आहे, दुरुस्ती नाही. बिघडलेला संदेश टाकून देतात; नौका आपले स्थान पुन्हा पुन्हा सांगतच असल्याने थोड्याच वेळात चांगला संदेश येतो. जेथे पुन्हा सांगण्याची उसंत आहे तेथे शोधन पुरते. आपत्सूचकाला ती उसंत असेलच असे नाही.

मर्यादा : कोणताही संकेत ठराविक चुकांपर्यंतच भरवशाचा असतो. त्यापलीकडे तो चुकीचा शब्दच खरा म्हणून देण्याचा संभव असल्याने दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी ठेवतात. संदेश पूर्णपणे विस्कटला असताना २४ अंकी तपासणी फसण्याची संभाव्यता १,६७,७७,२१६ त एक इतकी असते. हवामानाचा अंदाज चुकला असेल, विजेरी उतरलेली असेल किंवा खर्चाच्या कारणाने नौकेवर उपकरणच नसेल, तर संकेताचा उपयोग नाही. त्याचप्रमाणे खऱ्या संकटाचा संदेश व चुकून कळ दाबली जाऊन निघालेला संदेश यांतही त्याला भेद करता येत नाही. कॉस्पास-सारसॅटकडे येणाऱ्या सूचनांपैकी बहुसंख्य या दुसऱ्या प्रकारच्या असतात व त्या एकही अंक न बिघडता पोहोचतात.